ताताचा मोर आणि काढून टाकलेला परिच्छेद

पत्र असं आहे:

‘ताई, मी सोलापुरातल्या एका कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. राहायला पूर्व भागात. घरात तेलुगू, शाळा मराठी माध्यमाची. आमच्या सरांनी मराठी विकिपीडियावर लिहायची कार्यशाळा घेतली. प्रत्येकाने एखाद्या लेखात भर घालायची, त्याला अंतर्गत परीक्षेचे दहा गुण. मी सोलापूरच्या लेखात चादरीविषयी लिहिलं. माझे आजोबा, आम्ही त्यांना ताता म्हणतो, चाळीस वर्षं जकार्डची, म्हणजे मागावर नक्षी उमटवणाऱ्या यंत्राची, कार्डं पाडायचं काम करत होते. सोलापुरी चादरीवर मोर पहिल्यांदा त्यांनीच आणला. ते मी लिहिलं आणि चादरीचा इतिहास एका वेबसाइटवरून घेऊन जोडला. रात्री साडेअकराला जतन केलं. सकाळी ताताना दाखवायला मोबाईल उघडला तर काहीच नाही. कुणीतरी “संदर्भ नाही, प्रताधिकारित मजकूर, मूळ संशोधन” एवढंच लिहून सगळं काढून टाकलेलं. वर्गात दोघी जणी हसल्या. माझं मराठी घरचं नाही म्हणून काढलं असेल का? ताता काही बोलले नाहीत, नुसते “असू दे” म्हणाले. मला आता त्या पानाकडे बघवत नाही. सोडून देऊ का? नाव छापू नका.’

प्रिय मुली,

‘माझं मराठी घरचं नाही म्हणून काढलं असेल का’ हे वाक्य तू पत्रात मध्येच, घाईघाईत लिहिलं आहेस. मला वाटतं, सगळ्यात जास्त तेच सलतंय. म्हणून आधी त्याचं उत्तर. नाही. त्या कारणाने काढलेलं नाही. हे मी तुझी समजूत काढायला म्हणत नाही, तुझा परिच्छेद वाचून म्हणतेय.

होय, वाचला. तू समजतेस तसा तो नाहीसा झालेला नाही. विकिपीडियाच्या प्रत्येक पानावर ‘इतिहास’ नावाची एक जागा असते. तिथे पान जन्माला आल्यापासून कुणी, कोणत्या दिवशी, किती वाजता काय बदललं ते सगळं ओळीने असतं. लेखातून काढलेला मजकूर तिथे राहतो. फक्त दुसऱ्याचा मजकूर उचललेला असेल तर ती आवृत्ती प्रचालक, म्हणजे तिथली देखरेख करणारी माणसं, झाकून ठेवू शकतात. तुझी अजून झाकलेली नाही, म्हणून मला दिसली. तारीख, वेळ आणि तुझं सदस्यनाव असलेली तुझी ओळ तिथे आहे. मोबाईल उघड आणि एकदा ती ओळ शोध. पानाकडे बघवत नाही म्हणतेस ना, मग लेख बघू नकोस, आधी इतिहास बघ.

आणि तुझ्या परिच्छेदात मला एक वाक्य सापडलं. ‘कार्डाला भोक असेल तिथे धागा उठतो, नसेल तिथे बसून राहतो.’ जकार्ड म्हणजे काय हे मी आजवर पुष्कळांना विचारलं आहे. मागावर आयुष्य काढलेली माणसंही हात हवेत फिरवून सांगायला लागतात आणि मध्येच ‘तुम्ही कारखान्यात या, दाखवतो’ म्हणून थांबतात. तू ते एका ओळीत सांगितलंस. ज्या मुलीचं मराठी कच्चं असतं तिला असं वाक्य लिहिता येत नाही. हे वाक्य आपल्याला वाचवायचं आहे. कसं, ते पुढे सांगते.

आधी जे बोलल्याशिवाय पुढे जाता येणार नाही ते बोलू. वेबसाइटवरून उचललेला इतिहास. शेऱ्यातलं ‘प्रताधिकारित’ म्हणजे ज्यावर दुसऱ्या कुणाचा हक्क आहे असं. ती चूक होती, आणि तो भाग काढणाऱ्याने बरोबर केलं. कार्यशाळेत तुम्हाला सांगितलं असेल-नसेल, पण विकिपीडियावर आपण जे लिहितो ते मोकळ्या परवान्याने जगाला देऊन टाकतो. श्रेय देऊन कुणीही ते वापरावं, छापावं, विकावंसुद्धा. आता दुसऱ्याचा मजकूर तिथे चिकटवला, तर जे आपलं नाही ते आपण दान करून बसतो. आपल्या कायद्यात लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं त्याच्या लिखाणावर हक्क असतो, वेबसाइटवर आहे म्हणून तो सुटत नाही. माहिती मात्र कुणाच्या मालकीची नसते. चादर कधी विणली जायला लागली, गिरण्या कधी निघाल्या, या गोष्टी तू वाचून, बाजूला ठेवून, आपल्या शब्दांत लिहू शकतेस, आणि कुठे वाचलं ते खाली द्यायचं. एवढं एकदा मनाशी पक्कं केलंस की हा विषय संपला. यासाठी स्वतःला कोसत बसू नकोस. पहिल्या वेळी हे जवळजवळ सगळ्यांकडून होतं.

आता ताताचा मोर.

तू लिहिलं होतंस, ‘सोलापुरी चादरीवर मोर सर्वप्रथम माझ्या आजोबांनी आणला.’ त्यावर शेरा आला ‘मूळ संशोधन’. तुला वाटलं, ते म्हणतायत की ताता खोटं बोलतात. तसा त्या शब्दांचा अर्थ नाही. विकिपीडियात ‘मूळ संशोधन’ म्हणजे जे आधी कुठेही छापून आलेलं नाही, जे वाचणाऱ्याला स्वतः जाऊन पडताळता येणार नाही, असं काहीही. ते खरं असू शकतं. तुझं तर खरं असण्याची चांगलीच शक्यता आहे. पण वर्ध्यात किंवा रत्नागिरीत बसून तो लेख वाचणाऱ्या मुलाला तुझ्या घरच्या ओट्यावर येऊन ताताना विचारता येत नाही. त्याला लागतं एखादं पुस्तक, एखाद्या वर्तमानपत्राची तारीख. ज्ञानकोश लिहिणाऱ्याला ‘तुला माहीत आहे का’ असं कुणी विचारत नाही, ‘वाचणाऱ्याने कुठे बघावं’ असं विचारतात. या दोन प्रश्नांत जे अंतर आहे त्यातच तुझा परिच्छेद पडला.

त्यातही ‘सर्वप्रथम’ हा शब्द फार महाग आहे. पहिला कोण हे सांगायचं तर त्याआधी कुणीच नव्हतं हेही दाखवावं लागतं. सोलापुरात शेकड्यांनी कारखाने, त्या प्रत्येकात नक्षीवाले, कार्डवाले. अशोक चौकातल्या दुसऱ्या एखाद्या घरातही एखादी नात असेल, तिचे आजोबाही हेच सांगत असतील. ती खोटी नसेल आणि तूही खोटी नाहीस. शिवाय स्वतःच्या घरच्या माणसाविषयी आपण स्वतः लिहू नये, असाही तिथला संकेत आहे. मला तो पटतो. प्रेमाने लिहिलेलं वाक्य आणि माहितीचं वाक्य यांत फरक करणं लिहिणाऱ्याला स्वतःला फार जड जातं.

मला हे कसं कळलं ते सांगते. मी शाळेत शिकवत होते तेव्हा दरवर्षी १२ जानेवारीला चार हुतात्म्यांवर बोलायचे. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. ही चार नावं आपल्या गावात लहान मुलालाही पाठ असतात. निवृत्त झाल्यावर पुतण्याने विकिपीडियावर लिहायला शिकवलं, आणि माझं पहिलं वाक्य मी त्यांच्याविषयीच लिहिलं, भाषणात वर्षानुवर्षं म्हणत आले होते तेच: चौघांनी हसत हसत, एकमेकांना मिठी मारून फास गळ्यात घातला. दुसऱ्या दिवशी कुणीतरी ते वाक्य काढलं आणि विचारलं, हे कुठे नोंदलेलं आहे? मला इतका राग आला की दोन रात्री झोप नाही. सोलापूरच्या बाईला सोलापूरच्या हुतात्म्यांविषयी हा प्रश्न! मग रागानेच वाचनालयात गेले, पुरावा शोधून तोंडावर टाकायचा म्हणून. आठ-दहा दिवस जात होते. १९३० च्या मे महिन्यातला मार्शल लॉ, त्याआधीचा गोळीबार, खटला, सगळं वाचलं. मिठीचं वाक्य भाषणांत आणि गौरवलेखांत ठिकठिकाणी सापडलं, पण प्रत्यक्ष पाहिलेल्या कुणाचं म्हणून एकाही ठिकाणी सापडलं नाही. जे सापडलं ते एवढंच: १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात चौघांना फाशी देण्यात आली. तेवढंच मी संदर्भासह लिहिलं. ते आजवर कुणी काढलं नाही. आणि ते कोरडं वाक्य वाचताना माझ्या घशात जसा आवंढा येतो तसा माझ्या भाषणातल्या वाक्याने कधी आला नव्हता. मिठी मी आजही भाषणात सांगते, पण ‘असं सांगतात’ म्हणून.

तर ताताच्या मोराला ज्ञानकोशात आणायचं असेल तर वाट लांबची आहे, पण आहे. आधी तो कुठेतरी छापून यायला हवा, आणि तोही तुझ्या हातून नको. आपल्याकडच्या दैनिकांच्या रविवारच्या पुरवण्यांत जुन्या कारागिरांवर लेख येत असतात. विद्यापीठात, कॉलेजात कुणी ना कुणी यंत्रमागावर संशोधन करत असतं. अशा कुणाला ताताना भेटव. त्यांनी स्वतः विचारावं, इतर कार्डवाल्यांनाही विचारावं, जुन्या चादरी बघाव्यात आणि मग लिहावं. कदाचित त्यातून ‘सर्वप्रथम’ येणार नाही, ‘मोराची नक्षी करणाऱ्या सुरुवातीच्या कारागिरांपैकी एक’ असं येईल. तेही तुला तेव्हा पुरेसं वाटेल. तोवर तू एक काम कर: ताता बोलत असताना मोबाईलवर रेकॉर्ड कर. तेलुगूतच बोलू देत. तारीख सांगून सुरुवात कर. हे विकिपीडियासाठी नाही, पुढे जो कुणी लिहायला बसेल त्याच्यासाठी आणि तुमच्या घरासाठी. या कामाला उशीर करू नकोस. मी स्वतः ज्यांना ‘पुढच्या दिवाळीत येते’ म्हणाले अशी दोन माणसं आता नाहीत.

मोर बाजूला ठेवला तरी तुझ्या हातात पुष्कळ उरतं. तुझं ते वाक्यच घे. धागा उठतो आणि बसून राहतो. ही कुणाच्या घरची गोष्ट नाही, जकार्ड यंत्राची रीत आहे, आणि ती वस्त्रनिर्मितीच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात मिळते. कार्डांची माळ मागाच्या डोक्यावर फिरते. बाण्याच्या, म्हणजे आडव्या, एकेका धाग्याला एकेक कार्ड. कार्ड सुयांवर दाबलं जातं, भोक असेल तिथली सुई आरपार जाते, तिचा आकडा (हुक) जागेवर राहतो आणि ताण्याचा, म्हणजे उभा, धागा वर उचलला जातो. भोक नसेल तिथे सुई मागे ढकलली जाते आणि धागा खालीच राहतो. नक्षी आधी चौकटीच्या कागदावर काढतात, एकेक चौकट म्हणजे ताण्या-बाण्याची एकेक गाठभेट. हे सगळं तू लहानपणापासून डोळ्यांनी पाहिलं आहेस, म्हणून तुला ते पुस्तकातून ओळखायला दोन मिनिटं लागतील. तुझ्या माहितीचा खरा उपयोग इथे आहे. कोणतं पुस्तक बरोबर सांगतंय आणि कोणतं नाही हे तुला कळतं. कॉलेजातल्या इतर कुणाला ते कळणार नाही.

आणि हेही वाच. हे यंत्र फ्रान्समधल्या लियाँ शहरातल्या जोझेफ मारी जाकार याने १८०४ च्या सुमारास केलं. त्याची भोकं पाडलेली कार्डं बघूनच पुढे इंग्लंडात चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्राला सूचना देण्यासाठी तशीच कार्डं वापरायची योजना आखली. नंतर अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेत हर्मन हॉलरिथने माणसांची मोजदाद भोकं पाडलेल्या कार्डांवर केली. ताता चाळीस वर्षं जे काम करत होते त्याचा धागा असा तू ज्या मोबाईलवर टाईप केलंस तिथपर्यंत येऊन पोचतो. हे त्यांना सांग. ‘असू दे’ म्हणून गप्प बसलेल्या माणसाला हे सांगायलाच हवं.

आता संदर्भ कुठे शोधायचे? मोबाईलवर शोधून जे वर येतं ते बहुतेक एकमेकांचं उतरवलेलं असतं, त्यात वेळ घालवू नकोस. जिल्ह्याचं गॅझेटियर, म्हणजे सरकारने काढलेला जिल्ह्याचा माहितीग्रंथ, बघ. इंग्रजी अमदानीतलं सोलापूरचं गॅझेटियर १८८४ चं आहे. त्यातली विणकरांची, हातमागांची माहिती जुनी असली तरी पक्की सांगितलेली आहे, आणि त्यावर आता कुणाचा हक्क उरलेला नाही. चादरीला भौगोलिक मानांकन आहे हे तुला माहीत असेल. त्याची नोंद चेन्नईच्या नोंदणी कार्यालयाकडे आहे आणि अर्जातली माहिती सगळ्यांना बघता येते. वाईच्या मराठी विश्वकोशातली सोलापूरची नोंद बघ, तो आता ऑनलाइन आहे. विश्वकोशाच्या नोंदींखाली पुष्कळदा ‘संदर्भ’ म्हणून पुस्तकांची नावं दिलेली असतात, तीच तुझी पुढची यादी. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींसारखा माणूस ज्याचा प्रमुख संपादक होता त्या कोशातही नोंदीखाली संदर्भ देतात, मग तुझ्याकडून संदर्भ मागितला तर त्यात अपमान कसला? आणि हिराचंद नेमचंद वाचनालयात जा. तिथल्या माणसांना सरळ सांग, मला चादरीवर आणि गिरण्यांवर वाचायचं आहे. ग्रंथपालाला विषय सांगून विचारलं की जे मिळतं ते कपाटं धुंडाळून मिळत नाही. पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, वर्ष आणि पान क्रमांक तिथेच वहीत उतरवून घे. घरी आल्यावर पान क्रमांक आठवत नाही, हे माझं अनुभवाचं सांगणं.

लिहिताना एकच वाक्य लिही. खरंच एक. ‘जगप्रसिद्ध’, ‘आपल्या सर्वांची शान’, ‘अतुलनीय’ हे शब्द तुझ्या परिच्छेदात चार वेळा आले होते, ते सगळे गाळ. चादर चांगली आहे हे वाचणाऱ्याला ठरवू दे. आधी तुझ्या धूळपाटीवर, म्हणजे विकिपीडियावरच्या तुझ्या सरावाच्या पानावर, लिहून बघ. धूळपाटी हा शब्द मला फार आवडतो, आमच्या आजीने धुळीवरच अक्षरं गिरवली होती. तिथे कितीही चुकलं तरी कुणाला त्रास नाही. मग लेखात टाक, संदर्भ जोड, आणि काय बदललं ते सांगायच्या रकान्यात एक ओळ लिही. दोन दिवसांनी दुसरं वाक्य.

ज्याने काढलं त्याच्याशीही बोल. तो पगारी माणूस नाही. तिथे सगळेच स्वेच्छेने काम करतात. रात्री नोकरीवरून येऊन ‘अलीकडील बदल’ चाळत बसतात, त्यात शिवीगाळ असते, जाहिराती असतात, आणि मध्येच तुझ्यासारखीचं मनापासून लिहिलेलं असतं. तीन शब्दांचा शेरा मारून पुढे जाणं मला मान्य नाही. नव्या माणसाला बोचकारू नका, असं विकिपीडियाचंच एक मार्गदर्शक तत्त्व आहे, ते पाळलं गेलं नाही, तेव्हा तुला लागलं ते साहजिक आहे. पण त्याच्या चर्चा पानावर जाऊन लिही: नमस्कार, मी नवीन आहे, मजकूर उचलला ही माझी चूक, जकार्डविषयी एवढं वाक्य या पुस्तकाच्या आधारे लिहायचं आहे, योग्य आहे का? शेवटी चार नागमोडी रेघा टाईप केल्या की तुझी सही आणि वेळ आपोआप उमटते. उत्तर आलं नाही तर चार दिवस थांबून ‘चावडी’वर विचार. चावडी म्हणजे सगळ्यांनी बसून बोलायचं पान. माझा अनुभव असा की विचारणाऱ्याला तिथे माणसं मदत करतात.

आणखी एक गोष्ट तू करू शकतेस, जी वर्गातल्या कुणालाच जमणार नाही: फोटो. स्वतः काढलेल्या फोटोला पुस्तकाचा दाखला लागत नाही. विकिमीडिया कॉमन्स नावाचं चित्रांचं भांडार आहे, २००४ पासूनचं. तिथे चढवलेलं चित्र कोणत्याही भाषेच्या विकिपीडियात वापरता येतं. ताताच्या हातात कार्ड, उजेडाकडे धरलेलं, भोकांतून उजेड येतोय, असा एक. कार्डांच्या माळेचा एक. धोट्याचा, कांड्यांच्या टोपलीचा एक. चालू मागावरून नक्षी उमटताना दहा-पंधरा सेकंदांचा व्हिडिओ. फक्त काही गोष्टी सांभाळ. ताताचा चेहरा येणार असेल तर त्यांना नीट समजावून विचार, की हे चित्र कुणीही, कुठेही, धंद्यासाठीसुद्धा वापरू शकेल, चालेल का. ते नको म्हणाले तर फक्त हात. दुसरं, नक्षीचा पूर्ण कागद टिपू नकोस, ती रचना कारखानदाराची किंवा आणखी कुणाची असू शकते. कार्ड, यंत्र, हात एवढं पुरे. चित्राखाली सोलापूर, महिना, वर्ष आणि काय चाललंय ते मराठीत लिही. तेलुगूतही लिही.

तेलुगूवरून सांगते. वर्गातल्या त्या दोघींचं हसू विसर. मराठी, कन्नड आणि तेलुगू हे तिन्ही विकिपीडिया २००३ मध्येच सुरू झाले, मराठीचा १ मे रोजी. बाळीवेशीपासून कन्ना चौकापर्यंत चालत गेलं तर या तिन्ही भाषा कानावर पडतात, उर्दूही पडते. असं गाव महाराष्ट्रात दुसरं कुठे आहे ते मला सांग. तुझ्या मराठीत घरची तेलुगू मिसळते याची लाज तुला कुणी शिकवली? शुद्धलेखन कुणीही दुरुस्त करून देतं, विकिपीडियावर तर रात्रीत करतात. पण पद्मशाली विणकर घरातल्या मागाखाली वाढलेल्या मुलीला जे ठाऊक आहे ते कुणी दुरुस्ती करून आणू शकत नाही. मराठीत तुझा जीव रमला की तेलुगू विकिपीडियावर सोलापूरचं पान उघडून बघ. तिथेही तुझ्यासाठी काम निघेल.

राहिले गुण. सरांना स्वच्छ सांग, काय झालं आणि का झालं. इतिहासाचं पान उघडून दाखव. माझं मत विचारशील तर, किती मजकूर घातला आणि तो टिकला की नाही यावर गुण देणं मला चुकीचं वाटतं. तारीख जवळ आली की मुलं कुठून तरी उचलून चिकटवतात, तू चिकटवलंस तेही त्याच घाईतून. धूळपाटीवर काय लिहिलं, कोणती पुस्तकं उघडली, चर्चा पानावर काय विचारलं, यावर गुण द्यावेत. हे सगळं तिथे वेळेसह नोंदलेलं असतं, सरांना तपासायलाही सोपं. सर बरे असतील तर ऐकतील. हवं तर माझं हे उत्तर त्यांना वाचायला दे. आणि समजा नाही ऐकलं, दहातले चार गुण गेले, तरी तुझं काम थांबवू नकोस.

सदस्यनावात तू पूर्ण नाव आणि जन्मसाल घातलं आहेस. ते बदलून घेता येतं, विनंती टाक. मुलींनी तिथे इतकं उघड राहायची गरज नाही.

शनिवारी वाचनालयात जाशील तेव्हा वहीबरोबर त्या वेबसाइटवरचं पानही उतरवून ने, त्यातलं किती पुस्तकांत सापडतं ते ताडून बघ. आणि माझं एक काम कर. मोराचा पिसारा पुरा व्हायला किती कार्डं लागायची, ते ताताना विचारून मला कळव. ते कुठेही छापायचं नाही. मला माहीत करून घ्यायचं आहे.

तुझी,
ताई